खाली केलेला आवाज

दुपारचे तीन वाजले होते आणि गाणं सहाच्या आत पाठवायचं होतं. आई आत आडवी झाली होती. धाकटी कामाला गेली होती, आणि थोरली कपाटाशेजारच्या टेबलावर गाण्याचं मिक्सिंग करत बसली होती. घरच्या घरी रेकॉर्डिंग म्हणजे काय, तर खिडकीला रजई, दारामागे गादी आणि शेजारच्या कुत्र्याला मनातल्या मनात शिव्या. तेवढं केलं की गाणं रेकॉर्ड होतं. आवाजांचा मेळ बसवायला मात्र कान लागतो, आणि तो घरात थोरलीलाच होता.

एका संगीत दिग्दर्शकांना कार्यक्रमासाठी एकच गायिका हवी होती. ते म्हणाले होते, "दोघी मिळून एकच गाणं गा आणि पाठवा. कुणाचा आवाज उठून दिसतो ते बघतो." आता आवाज उठवणं न उठवणं थोरलीच्याच हातात. कुंपणालाच शेत राखायला बसवलं होतं म्हणायचं.

थोरली धाकटीला पाण्यात पाहायची. स्वतःशी ती हे कबूलही करायची. हिने पहाटे उठून घसा फोडायचा आणि तिने भाजी चिरता चिरता हसत गायचं! दोघी एकाच बाईंकडे गाणं शिकल्या. धाकटी गायली की बाई डोळे मिटून घ्यायच्या आणि नकळत 'हं' करायच्या, फक्त एक 'हं'. थोरली गायली की बाई डोळे टक्क उघडे ठेवून ऐकायच्या. एक मुलगी दुसरीला मुद्दाम दाबून गायला लागली, की लवंग चघळत बोटातली अंगठी टेबलावर दोनदा वाजवायच्या. टक, टक. "शेजारणीला दाबून आपला सूर मोठा होत नाही गं." हे बहुतेक वेळा थोरलीलाच ऐकावं लागायचं.

बाई गेल्या वर्षी वारल्या. जाताना आपला माइक दोघी बहिणींना देऊन गेल्या.

सकाळी त्या माइकवरूनच बिनसलं होतं. आई म्हणाली, "धाकटीला दे तो. तिचा आवाज नाजूक आहे." थोरलीने बाईंचा माइक धाकटीच्या खोलीत लावला, साधा माइक आपल्याकडे ठेवला आणि स्क्रीनवर दोन माइकच्या आवाजांच्या ज्या दोन रेघा उमटतात, त्यातल्या पहिल्या रेघेला 'मी', दुसरीला 'धाकटी' अशी नावं दिली. मग धाकटी पाणी प्यायला गेली तेवढ्यात तिने माइकांची अदलाबदल केली. बाईंचा माइक वायरीसकट आपल्याकडे ओढला आणि साधा तिच्या खोलीत नेऊन ठेवला. धाकटी परत आली, तिने माइककडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं आणि हसून गायला उभी राहिली. ते हसणं थोरलीला जास्त झोंबलं. मग आपापल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, दोघी अख्खं गाणं एकदमच गायल्या.

दोघींचे आवाज इतके सारखे की फोनवर आईसुद्धा फसायची. म्हणून थोरली कानाने नाही, नावं बघून काम करत होती.

आवाज बारीक ठेवायचा, उठून स्वयंपाकघरात जायचं आणि उघड्या दारातून ऐकायचं, अशी तिची पद्धत होती. लांबूनही जो आवाज पुढे येतो, तो जास्त झाला असं समजायचं. ती ओट्याशी उभी राहून ऐकू लागली. दुसरं कडवं संपलं आणि 'धाकटी' नावाच्या दुसऱ्या रेघेवरचा आवाज एक अवघड उतरती जागा घेत असा खाली आला, की ती ओट्यापासून गर्रकन वळली.

'ही जागा हिला कधी जमली? मी चार महिने घासतेय, तरी माझ्या रेघेवर सरळच ऐकू येतंय!'

ती तरातरा टेबलाशी आली आणि तिने दुसरी रेघ केसभर खाली केली.

टक, टक.

लाकडावर धातू वाजल्यासारखं झालं. तिने वळून पाहिलं. कपाट बंद होतं.

"आई, टेबल वाजवलंस का?"

"काय पुटपुटतेस तिथून?" आतून आई म्हणाली. "मोठ्याने बोल जरा."

मोठ्यानेच तर बोलले होते, असं थोरलीच्या मनात आलं. तिने खाकरून घसा साफ केला आणि पुन्हा ऐकलं. ती जागा अजून पुढे येतच होती. एखादा आवाज मागे ढकलायचा तर नुसता कमी करून भागत नाही. त्याची वरची धार कापायची, थोडा घुमारा चढवायचा, म्हणजे गाणारी चार पावलं मागे सरकते. थोरलीने धार कापली. टक, टक. घुमारा चढवला. टक, टक. खोलीत लवंगेचा वास येऊ लागला होता. तिचे हात गार पडले होते, पण ते थांबले नाहीत. मत्सर भीतीपेक्षा हट्टी असतो.

पावणेसहाला दुसरा आवाज गाण्याच्या पार तळाशी गेला. तिने गाणं पाठवून दिलं.

धाकटी आली ती चपला काढता काढताच म्हणाली, "पाठवलंस?"

"पाठवलं," थोरली म्हणाली.

"ताई, नुसते ओठ काय हलवतेस? पाठवलंस का?"

थोरलीने घशाला हात लावला. तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. दिग्दर्शक होते. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"ऐकलं गाणं," ते म्हणाले. "पुढचा आवाज चांगला आहे. सरळ, स्वच्छ. पण मागे कुणीतरी आहे... दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती उतरती जागा कुणी घेतली? इतकं लांबून ऐकू येतंय, तरी अंगावर काटा आला. मला ती मुलगी हवी."

"ती ताई," धाकटी लगेच म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "मला नाही येत ती जागा. मी तिथे सरळच गाते."

थोरली जागच्या जागी थिजली. बाईंचा माइक... वायरीसकट ओढलेला. वायर तीच राहिली, रेघ तीच राहिली, फक्त रेघेवरचं नाव बदलायचं राहून गेलं. सबंध दुपार ती ज्या आवाजावर जळत होती, जो आवाज तिने स्वतःच्या हाताने कापला होता, तो तिचाच होता.

"द्या तिला फोन. दोन ओळी म्हणू देत," दिग्दर्शक म्हणाले.

थोरलीने श्वास भरला. तोंड उघडलं. छाती हलली, गळ्याची शीर ताठ झाली... काहीच आलं नाही. हवेचा फुसकारासुद्धा नाही.

"हॅलो? ...आहे का कुणी?"

"ताई, गा ना! ताई... काय होतंय तुला?"

थोरली टेबलाकडे धावली. तिने दुसरी रेघ तळापासून वर, अगदी टोकापर्यंत ढकलली आणि बाकी सगळं बंद करून तेवढीच रेघ लावली. गाणं वाजलं, संपलं. रेघ मात्र पुढे चालूच राहिली. स्पीकरमधून तिच्याच आवाजात, खणखणीत आलं, "आई, टेबल वाजवलंस का?" मग जरा शांतता. मग, "पाठवलं."

बाईंचा माइक वायर काढून टेबलावर पडला होता. वायरीचं टोक लोंबत होतं.

"ताई, हे कधी रेकॉर्ड केलंस?" धाकटीने हळूच विचारलं.

थोरलीने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं. स्क्रीनवर रेघ पुढे सरकत राहिली आणि स्पीकरमधला आवाज गाऊ लागला. दुसरं कडवं, आणि त्याच्या शेवटची ती उतरती जागा, सकाळपेक्षाही सुंदर.

जागा संपली. लवंगेचा वास दाटला. आणि स्पीकरमधून, त्या आवाजाच्या अगदी जवळून, कुणीतरी डोळे मिटून म्हणावं तसं म्हणालं, "हं."