नारीनच्या पुलावरची हाक

नाझिकला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी मैरमने सकाळीच कणकेचे छोटे फुगीर बोरसोक तळले. तळणाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो, म्हणून दार उघडं ठेवलं. मग पुरचुंडी बांधून ती उर्मतच्या गाडीत बसली. उर्मत नाझिकचा, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, नवरा. त्यांची चार वर्षांची मुलगी ऐझात शेजारणीकडे ठेवली होती.

नाझिक नारीन नदीच्या पुलावरून खाली गेली होती. पाय घसरला की तिनेच टाकला, कुणाला सांगता आलं नाही. दरी इतकी खोल, की वरून नदी दोऱ्याएवढी दिसते. प्रेत मिळालंच नाही. कबर नाही, म्हणून पुलावरच जायचं.

पुलाच्या तोंडाशी सादिर म्हातारा राखणीला असायचा.

"ठेवायचं ते ठेवा आणि माघारी फिरा," तो हळूच म्हणाला. "खालून हाक आली तर ओ देऊ नका."

"वारा असतो तो, बाबा," उर्मत म्हणाला.

"वाऱ्याला आपली नावं ठाऊक नसतात, पोरा."

भर दुपार होती. पुलाच्या मधोमध मैरमने बोरसोक ठेवले, दुवा मागून तोंडावरून हात फिरवले. तेवढ्यात नदीचा आवाज थांबला. पाणी हलताना दिसत होतं, आवाज मात्र नव्हता. खालून गार गाळाचा वास वर आला.

"एजे..."

थोरल्या बहिणीला अशी लांबवून हाक नाझिकच मारायची.

"एजे... थंडी वाजते गं..."

मैरमने डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरलं. वर्षभर ती या एका हाकेसाठी तळमळली होती. तरी तिने ओ दिली नाही.

शेजारून उर्मत अगदी घरातल्या आवाजात म्हणाला, "हो गं. आणतो."

नदी पुन्हा गर्जू लागली.

परतताना तो शीळ घालत होता. वर्षात पहिल्यांदाच.

"काय आणतोस?" मैरमने विचारलं.

"ऐझातला आण म्हणाली ना."

"थंडी वाजते म्हणाली ती..."

"ते तुला म्हणाली."

मैरमने गावात उतरल्या उतरल्या पोरीला उचललं, आपल्या घरी नेलं आणि आतून अडसर घातला. तिन्हीसांजेला उर्मत दारात आला.

"एजे, पोर माझी आहे."

"उद्या ये."

"ती वाट बघतेय... रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

मैरम दाराला पाठ लावून बसून राहिली. बऱ्याच वेळाने पावलं दूर गेली. एक हाक मारली असती तर तो थांबला असता, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण दार उघडायची तिची छाती झाली नाही.

सकाळी सादिर सांगायला आला. गाडी पुलावर होती, दार सताड उघडं.

अडसर पुन्हा घालून ती पोरीला उठवायला गेली. ऐझात शांत झोपली होती. उशी ओली होती. रात्री मोकळे असलेले तिचे केस कुणीतरी बारीक बारीक वेण्यांत गुंफले होते, पेडापेडांत नदीची वाळू होती.

शेवटची वेणी अर्धवट राहिली होती.