कुंपणातली चराई

इराणातल्या माझंदरानच्या डोंगरात ममरजाच्या झाडाला फारसा मान नाही. बीच वृक्षाचं लाकूड विकलं जातं, ओकची सावली वाखाणली जाते. ममरज, म्हणजे हॉर्नबीम, त्या दोघांच्या सावलीत वर्षानुवर्षं निमूट उभा राहतो आणि वरचं एखादं म्हातारं झाड कोसळलं की मिळालेल्या उजेडात सरसर वाढतो. वनखात्यातल्या इस्फंदियारला मात्र या झाडाचं वेड होतं. गुराख्यांना खाली उतरवून जंगलाच्या एका तुकड्याला त्यानं उंच तारांचं कुंपण घातलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. कुंपणाची किल्ली त्याच्याकडेच असायची. दर वसंतात तो आत जाऊन ममरजाची रोपं मोजायचा. गुरांच्या तोंडी न लागता ती आता त्याच्या छातीला आली होती.

त्या वर्षी रोपांची खालची पानं गेलेली दिसली.

तो उकिडवा बसला. सशानं खाल्लं असतं तर सुरीनं कापल्यासारखा तिरपा काप दिसला असता. इथं डहाळीला हिसडा मारलेला होता, सालीचे धागे लोंबत होते. गाईचंच काम. पण कुंपण शाबूत होतं, कुलूप शाबूत होतं आणि पहाटेच्या पावसानं लोण्यासारख्या झालेल्या मातीत एकही खूर उमटलेला नव्हता. शेणाचा पोसुद्धा नव्हता.

तो तडक गावात माहपरी खालाच्या दारात गेला. पूर्वी त्या तुकड्यात तिचीच गुरं चरायची.

"या मोहंदेस!" म्हातारी म्हणाली. चार बुकं शिकलेल्या कुणालाही ती इंजिनियर करून टाकायची. "आज गरिबाघरी कशी वाट चुकलात?"

"खाला, खरं सांगा. तुमची गुरं आत सोडलीत?"

"माझ्याकडं कोंबडी नाही रे, गुरं कुठली आणू? होती ती तूच वर कोंडलीस की."

इस्फंदियारनं मान खाली घातली. जंगल सोडायच्या दिवशी दाट धुकं होतं आणि तिच्या चौदा गाई वर कुठंतरी अडकल्या होत्या. दोन दिवस दे, म्हणून तिनं पदर पसरला होता. हा तेव्हा पोरसवदा, हातात हुकूम. "जनावरं आपसूक खाली येतील," म्हणून त्यानं कुलूप घातलं. धुकं विरल्यावर गाई सापडल्या नाहीत. हाडूकसुद्धा सापडलं नाही.

"किती उंचीवर खाल्लंय?" खालानं विचारलं.

"गुडघ्याएवढ्या."

तिनं चहाचा पेला खाली ठेवला. "मग वासरं आहेत."

पुढच्या आठवड्यात रोपांचे शेंडे गेले. तिला सांगायचं नाही असं ठरवून तो तिच्या दारावरून झपझप निघाला, तर आतून आवाज आला, "वाढल्या ना?"

त्यानंतर त्याला झोप येईना. जेवायला बसला की उठावंसं वाटे, उठला की कुठं जायचं ते सुचत नसे. तिसऱ्या खेपेला त्यानं जुने ममरज पाहिले. पिळदार दंडासारखी त्यांची खोडं एका बाजूनं घासून गुळगुळीत झाली होती. वर हात केला तरी पोचणार नाही अशा फांद्या ओरबाडलेल्या होत्या.

तो खाली आला आणि त्यानं किल्ली म्हातारीच्या हातात ठेवली. "चला खाला. मला एकट्याला हे झेपत नाही."

दुपारीच दोघं चढली. कुंपणापाशी पोचेतो धुकं उतरलं होतं. खालानं फाटक सताड उघडलं, ओंजळीत मीठ घेतलं आणि हाक घातली.

"जर्दे, ये! नाजबानू! स्याहगुल, ये गं माझी बाय!"

आत पानं ओरबाडण्याचा आवाज चालू होता. तो आवाज थांबला.

इस्फंदियारला काहीच दिसलं नाही. फक्त धारोष्ण दुधाचा वास आला आणि शेजारून एकामागून एक ऊब सरकत गेली. खालाचा हात हवेत कुणाच्या तरी पाठीवरून फिरत होता. ती मोजत होती.

"...बारा, तेरा, चौदा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आल्या रे सगळ्या! चला बायांनो, घरी."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं छाती भरून श्वास घेतला.

मग आत पुन्हा पानं ओरबाडल्याचा आवाज झाला. खूप वरून.

"खाला, एखादी राहिली का?"

म्हातारीनं मिठाची मूठ घट्ट मिटली.

"माझ्या चौदाच होत्या," ती पुटपुटली. "फाटक लाव."

त्यानं कुलूप घातलं. दोन पावलं मागं सरला.

खालच्या सगळ्या तारा ताठ होत्या. सगळ्यांत वरची, त्याच्या डोक्याच्याही वरची तार तेवढी सावकाश बाहेरच्या बाजूला वाकत चालली होती.