बुचाची सोंगटी

"माझा जोडीदार होशील का?"

प्रश्न माझा नव्हताच! माझ्या मैत्रिणीने, तेनाने, पैज लावली होती, "दुन्या, हिंमत असेल तर त्या विशेष वर्गातल्या व्येरानला विचार." आणि गेल्याच महिन्यात केस कापून जगज्जेती झालेली मी, गेले की टाचा वाजवत!

शनिवारी शाळेत 'माणसा, रागावू नकोस'ची स्पर्धा होती. आमच्या ओसियेक शहरात हा खेळ घरोघरी असतो. फासा टाकायचा, दुसऱ्याची सोंगटी मारायची, आपली घरी न्यायची. यंदा प्रत्येक जोडीत एकजण आमच्या वर्गातला आणि एक विशेष वर्गातला हवा होता. जोडीदार नाही, तर खेळ नाही. व्येरानला अजून कुणीच विचारलं नव्हतं.

त्याने मान वर केली. राखाडी डोळे... अगं बाई!

"कुणी... पाठवलं?" शब्द त्याच्या तोंडून सावकाश येतात, अडखळत.

मी कानापर्यंत लाल.

"बस," तो म्हणाला. "आधी... खेळून दाखव."

त्याचा पट लाकडी होता, घराघरात भोक पाडलेला. सोंगट्या म्हणजे वाइनच्या बाटल्यांची रंगवलेली बुचं, त्याच्या थरथरत्या बोटांत नीट बसणारी. फासा तो कॉफीच्या तांब्याच्या भांड्यात हलवायचा. खळ्ळ!

मला पाच पडले. बरोबर पाचव्या घरात त्याची सोंगटी होती, घरी पोचायला दोनच पावलं उरलेली. मी गुपचूप दुसरीच सोंगटी सरकवली. वर गोड हसलेसुद्धा.

व्येरान हसला नाही. त्याचा हात एकदा घसरला, मग त्याने माझंच बूच उपटलं.

"मारायची सोडली की... आपलीच सोंगटी जाते. तुमच्या घरी नाही हा नियम?"

"आहे, पण—"

"तेनाला सोडतेस?"

"तेनाला? तिला तर रडवते!"

"मग मलाही रडव. नाहीतर... जा."

ट्राममध्ये तेना म्हणाली, "विचारलंस ना? जिंकलीस पैज. आता सोड."

"पैज गेली द्रावा नदीत!" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पुन्हा त्याच्यासमोर.

"आज कुणी पाठवलेलं नाही. माझी मी आलेय."

त्याची सोंगटी घरापासून एका पावलावर होती. मला तीन पडले. मारली! बूच टुणकन उडून टेबलाखाली गेलं.

"माणसा, रागावू नकोस..." मी पुटपुटले.

"रागावलोय," तो म्हणाला, आणि अंगभर हसला. "खूप!"

बूच उचलायला दोघंही वाकलो. बोटांना बोटं लागली. कुणाचा हात जास्त थरथरत होता, देव जाणे.

डाव त्यानेच जिंकला, मेल्याने.

"तो प्रश्न..." तो म्हणाला, "परत विचार."

मी विचारला. या वेळी माझा होता.

"हो." एवढा एक शब्द मात्र एका दमात.

संध्याकाळी आई लसूण सोलत होती. "शनिवारी पहाटे पाचला आजोबांकडे निघायचं," बाबा म्हणाले. वर्षाचं डुक्कर कापून सॉसेज करायचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे ताप आलेला माणूससुद्धा यायचं चुकवत नाही.

"मी पहाटे येणार नाही. स्पर्धा आहे, व्येरानबरोबर."

आईची सुरी थांबली. "तो विशेष वर्गातला? किती गुणाची गं माझी पोर! त्या बिचाऱ्यासाठी—"

"बिचारा नाहीये तो, आई. आजच हरवलंय त्याने मला. मी उपकार करायला जात नाहीये, जिंकायला जातेय. आणि संध्याकाळी त्याला आजोबांकडे घेऊन येणार आहे. आमच्या दोघांसाठी सॉसेज राखून ठेवा... मला तो आवडतो."