केचप चाटलेला कुत्रा

"हॅलो... तुमचं केचप कुत्र्याला चालतं का हो?"

सॉसच्या कंपनीत मी तक्रारींचे फोन घ्यायची. फुटलेल्या बाटल्या, न उघडणारी झाकणं... सगळं ऐकून झालं होतं. पण हा आवाज! घाबरलेला, तरी गोड.

"किती खाल्लं?"

"जरासं. माझ्या शर्टावरचं चाटलं."

मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "मीठ, साखर, कांद्याची पूड, लसणाची पूड... कांदा-लसूण कुत्र्यांना वाईट. एवढ्याशाने बहुधा काही होणार नाही, पण प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि शर्ट बदला!"

तो हसला. माझं दिवसभर कशात लक्ष लागेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. "कुत्रा ठणठणीत आहे. मोहरीचा सॉस चालेल?"

"नको. पोट बिघडेल."

मग मेयोनीज. "नुसतं तेल. नको."

मग सोया सॉस. "नुसतं मीठ! अहो, कुत्रा पाळलाय की हॉटेल काढलंय?"

"तुमचा आवाज ऐकला की शेपूट हलवतो तो."

"फक्त तोच?" — निसटलंच तोंडून.

शेजारी आमच्या सुपरवायझर बाई खाकरल्या. सगळे फोन त्या ऐकायच्या. ग्राहकाला नंबर दिला की नोकरी गेली, हा त्यांचाच नियम. आणि सोमवारपासून माझी बदली पॅकिंगला. तिथे फोनच नाही.

शुक्रवारी पाचला दहा कमी असताना फोन वाजला.

"व्हिनेगर?"

"नको. आणि... सोमवारपासून मी इथे नसेन."

"मग मी कोणाला विचारू?"

"बाटलीवर सगळं छापलेलं असतं."

"बाटलीवर तुम्ही नसता ना..."

बाईंनी फोन माझ्या हातातून ओढलाच. "हे बघा, आमचे सॉस संपले. आता काय ते हिलाच विचारा. पाचला सुटते. समोरच्या फाटकातून."

सव्वापाचला तो धापा टाकत आला. उंच, लाजरा. सोबत गुबगुबीत कुत्रा.

"विचारा ना," मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल. "मला... फोनवरच जमतं."

मी त्याच्या मोबाइलमध्ये माझा नंबर घातला आणि रस्ता ओलांडला. जाताना कुत्र्याची साखळी माझ्या हातात घेतली, पळून जाऊ नये म्हणून. कुत्रा नव्हे, तो!

फोन वाजला.

"हॅलो... उद्या भेटाल? परवा? रोज?"

"हो. हो. आणि... हो."

मग फोन आधी कोणी ठेवायचा, यावरून आमचं पहिलं भांडण झालं.