निळ्या कॉलरचा सुकाण्या

गोदीच्या कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर एक निळ्या कॉलरचा तरुण ताट घेऊन बसला, आणि आजूबाजूचे चमचे थबकले.

"ही तांड्याची जागा आहे," ती म्हणाली. "सीमेवाले तिकडे बसतात."

"तिकडे रोज तीच तोंडं... इथलं दृश्य बरं आहे."

तिने मान खाली घातली, पण ओठ काही ऐकेनात.

साम्राज्याचं आरमार तीन ताफ्यांत वाटलेलं होतं. पांढऱ्या कॉलरचा राजताफा राजधानीच्या सूर्याभोवती घिरट्या घालायचा आणि पितळ चमकवायचा. राखाडी कॉलरचा तांडा एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे धान्य, औषधं नि माणसं वाहायचा. ती तिथली वेल्डर. आणि निळ्या कॉलरचा सीमाताफा पार टोकाला जायचा, तो वर्षानुवर्षं तिकडेच.

तिचे बाबा सीमाताफ्यातले. परतले तेव्हा स्वतःच्याच दारात उभं राहून त्यांनी विचारलं होतं, "आत येऊ का?" तेव्हापासून आई बजावायची, "कुणाच्याही प्रेमात पड बाई, फक्त निळी कॉलर नको."

पण सीमाताफ्याच्या फुटक्या जहाजाच्या दुरुस्तीला गोदीत माणसं कमी पडली आणि तिला त्या कामावर धाडलं. तो तरुण त्याच जहाजाचा सुकाण्या निघाला. रोज चहा घेऊन तिच्या परांचीशी येई.

"जरा सावकाश जोडा ना. घाई कुणाला आहे?"

"मी कुचराई केली, तर तिकडे हवा तुमचीच जाईल."

"मग... काळजी वाटेल?"

"जोडाची वाटेल," ती म्हणाली आणि पटकन मुखवटा खाली ओढला. आत गाल तापले होते, ते काही ठिणग्यांमुळे नव्हे.

एकदा तिच्या बोटाला चटका बसला. त्याने ते बोट हातात धरून हळूच फुंकर घातली. चटका निवला, तरी हात कुणी सोडवून घेतला नाही.

काम संपलं, जहाज त्याच रात्री सुटणार होतं. "सुखरूप जा," एवढंच म्हणून ती घरी आली. ताटातला घास ताटातच राहिला. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं नि सगळं ओळखलं.

"बाबांची वाट पाहताना जीव मेटाकुटीला आला माझा," आई म्हणाली. "पण दुसऱ्या कुणाची पाहावी, असं कधी मनात आलं नाही हो."

ती उष्ट्या हाताने उठली, कसाबसा हात धुतला नि धावत सुटली. तो जहाजाच्या दाराशी पिशवी खांद्याला लावून उभा होता.

"मध्ये बोलू नका," ती धापा टाकत म्हणाली. "मी वाट पाहीन. कितीही वर्षं. तुम्ही मला विसरलात, तर पुन्हा ओळख करून घेऊ. झालं... आता बोला."

तो हसला, पण डोळे भरून आले होते. "सीमाताफ्याची फेररचना झाली, मघाशीच हुकूम आला. माणसं घरं विसरायला लागली म्हणून ताफ्याचे दोन भाग केलेत. अर्धे सीमेवर, अर्धे गोदीत... दर सहा महिन्यांनी अदलाबदल. आमचा भाग आधी गोदीत."

"म्हणजे... तू आज जात नाहीस?"

"जहाज दुसरे नेणार. मी खोली शोधायला निघालो होतो."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालीस ना, मध्ये बोलू नका. आणि इतकं सुंदर बोलणं कोण थांबवेल?"

ती तिथेच पायरीवर बसली, हसता हसता रडू लागली. तो पिशवी टाकून शेजारी टेकला.

"आता तू बोल," ती नाक पुसत म्हणाली.

"माझंही तुझ्यावर... म्हणजे पहिल्या दिवसापासून..." सुकाण्याची गाडी तिथेच अडली.

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. सहा महिने हाताशी होते; घाई कुणाला होती?