पंधरा दिवसांचा करार

"ही सुताची गुंडी तुम्ही कातलेली नाही," यशोदा मान वर न करता म्हणाली.

टेबलापलीकडच्या तरुणानं गुंडी जरा पुढे सरकवली. सिंदी मेघेहून सायकल हाणत आला होता तो, पायजम्याची क्लिपसुद्धा काढायची राहिली होती.

वर्ध्याच्या त्या वाचनालयाची एक रीत होती. दरवर्षी डिसेंबरात तिथे वादविवाद व्हायचा, आणि बोलायला उभं राहायचं तर फी म्हणून स्वतःच्या हातानं कातलेल्या सुताची एक गुंडी द्यावी लागायची. सहाशे चाळीस तारा, एकही कमी चालत नसे. ज्याला गप्प बसून सूत काढता येत नाही त्यानं लोकांसमोर बोलू नये, असं चिटणीस दत्तोपंतांचं ठाम मत. गुंड्या तपासायचं काम वाचनालयात नोकरीला असलेल्या यशोदेचं. तारा मोजायच्या, सूत बोटांतून फिरवायचं, आणि मग वहीत शाईनं नाव लिहायचं. दुसऱ्याचं सूत आणणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे बाद.

"वडनेरले दहा एकर पऱ्हाटी हाय जी आमची," तो शेवटी म्हणाला. "कापूस घरचाच हाय."

"कापूस घरचा असेल. हात कुणाचा?"

"मावशीचा. रुख्माबाई. मी तिच्याकडेच राह्यतो." थोडं थांबून तो म्हणाला, "मावशी मंजे घरचीच झाली न."

यशोदेला हसू आलं, पण तिनं ते वहीत मान घालून लपवलं. "पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत एकसारखं सूत आहे. असं कातायला वीस वर्षं लागतात. आणि तुमच्या बोटांना तर खडू लागलाय."

त्यानं चटकन हात मागे नेला. श्रीनिवास त्याचं नाव, प्राथमिक शाळेत मास्तर. चोरी पकडल्यावर माणसं एकतर चिडतात नाहीतर गयावया करतात, हे यशोदेला ठाऊक होतं. हा दोन्ही करत नव्हता. नुसता भिंतीवरचा विषय वाचत उभा होता.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. विषय मोठा होता. जगातल्या तीन बड्या राष्ट्रांची जिनिव्हाला बोलणी सुरू झाली होती. ती चालू आहेत तोवर, म्हणजे वर्षभर, अणुबॉम्बची चाचणी करायची नाही, असं ठरत होतं. सही कुठेच नव्हती, सगळा शब्दाचा मामला. या कच्च्या करारावर जगानं विश्वास ठेवावा की नाही, यावर वर्ध्याची मंडळी सात डिसेंबरला भांडणार होती.

"वर्गातले पोट्टे विचारतात," श्रीनिवास हळूच म्हणाला, "गुरुजी, बॉम्ब वर्ध्याले पडन का? मले उत्तर देता येत नाई. म्हून म्हटलं, चार लोकांत उभं राहून बोलावं. बोलता-बोलता मलेच सापडन... सूत कातत बसाले वेळ नाई भेटला. चुकलं माह्यं. खोडून टाका नाव."

"लिहिलंय कुठे अजून खोडायला?" यशोदा म्हणाली. आणि मग तिनं जे केलं त्याचं तिलाच नंतर नवल वाटलं. टाक बाजूला ठेवून तिनं पेन्सिल उचलली.

"पंधरा दिवस आहेत. तुमच्या हातची गुंडी आणलीत तर शाईनं लिहीन. नाही आणलीत तर रबर आहेच."

"अन् कातणं शिकवन कोण?"

"पाच ते साडेसहा मी इथेच असते," ती म्हणाली, आणि लगेच घाईघाईनं जोडलं, "वाचनालय उघडं असतं म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की सायकल ओसरीला टेकू लागली. श्रीनिवासच्या हातात टकळी म्हणजे एक तमाशाच होता. कापसाचा पेळू दाबून धरला की तार जाड, सैल सोडला की तुटलीच. टकळी टणकन फरशीवर पडायची आणि वाचनालयात पेपर वाचणारी म्हातारी मंडळी एकदम चष्म्यावरून बघायची.

"ओढू नका. ती आपली आपण येते," यशोदा सांगायची.

"येत नाई न जी. मीच तिच्यामागं जाऊन राह्यलो."

"मग जरा थांबून बघा."

उजेड उतरू लागला की ती त्याच्या दिवसाच्या तारा मोजायची. पहिल्या दिवशी नऊ भरल्या. दुसऱ्या दिवशी चौदा. पाचव्या दिवशी त्यानं मोठ्या ऐटीत साठ सांगितल्या, तिनं मोजल्या तर एकसष्ट निघाल्या. तो आनंदानं इतका मोठ्यानं हसला की दत्तोपंतांनी आतून खाकरून दाखवलं. सुटीच्या दिवशी तो सकाळपासूनच येऊन बसे. मावशीनं दिलेल्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा कागदात बांधून आणायचा. दाणे खाता-खाता बोटं एकाच कागदात जायची, आणि मग दोघंही उगाच रस्त्याकडे बघायची.

"तुम्ही कराराच्या विरोधात बोलणार म्हंतात," एके दिवशी त्यानं विचारलं. "काऊन? बॉम्ब फुटू नये असं तुम्हाले नाई वाटत?"

"वाटतं ना. पण पेपर वाचलात? बोलणी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात एकानं दोन स्फोट उडवले. अशा शब्दावर काय विश्वास ठेवायचा?"

"त्यानंतर नाई उडवले."

"अजून नाही."

ती हे इतकं कडू बोलली की तो टकळी खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मग यशोदेनं त्याला सांगितलं. कुणालाच सांगत नसे ती, पण त्याच्या बघण्यात कीव नव्हती, म्हणून सांगता आलं. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरून साक्षगंध झालं होतं, यवतमाळच्या मुलाशी. पेढे वाटले, साडी नेसवली, सगळं झालं. मग तारीख आज कळवतो, उद्या कळवतो. अडीच महिने टपालवाला गल्लीत शिरला की ती हातातलं काम टाकून दाराशी यायची. शेवटी पत्र आलं ते पत्रिका जुळत नसल्याचं. त्यानं नागपूरची मुलगी केली.

"तेव्हा आईला मी सांगून टाकलंय. लग्न झालं तर थेट लग्न, साक्षगंध नाही. कच्च्या गोष्टीचा मला आता कंटाळा आहे."

श्रीनिवासनं टकळी पुन्हा उचलली. मग म्हणाला, "माह्यं नाव तं पेन्सिलीनंच लिवलं तुम्ही."

त्या संध्याकाळी तिनं तारा दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

सभेच्या आदल्या दिवशी त्यानं गुंडी आणली. कुठे सुतळीसारखी जाड, कुठे केसासारखी बारीक, मध्ये मध्ये गाठी. तिनं मोजली. सहाशे चाळीस. त्याच्या डाव्या तर्जनीवर पेळू घासून सोललेलं दिसत होतं.

"इतकं वाईट सूत मी आजवर घेतलं नाही," ती म्हणाली, आणि टाक बुडवून पेन्सिलीच्या अक्षरांवरून सावकाश, अगदी वळणदार, त्याचं नाव लिहिलं. त्या एका नावाला तिला फार वेळ लागला.

रविवारी वाचनालय खच्चून भरलं होतं. यशोदेची आई अनुसयाबाई बायकांत पुढेच बसली होती. यशोदा बोलायला उभी राहिली आणि पहिल्या दोन वाक्यांतच सभा तिची झाली. तपासणी नसेल तर करार म्हणजे नुसती हवा, असं ती बोलत गेली. बोलता-बोलता तिला यवतमाळचं पत्र आठवलं आणि आवाज चढला.

"ज्यानं पहिल्याच आठवड्यात फसवलं, त्याच्या पुढच्या एक्कावन्न आठवड्यांची खात्री कोण देणार? एकदा खोटं वागला तो वागला. त्याला मुदत देणं म्हणजे आपणच आपल्याला फसवणं."

टाळ्या पडल्या. आणि टाळ्यांच्या मधोमध तिला श्रीनिवासचा चेहरा दिसला. आपण काय बोलून बसलो हे तिला तेव्हा कळलं. शेवटचा मुद्दा तसाच टाकून ती खाली बसली.

नंतर त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, खिशातला भाषणाचा कागद काढला आणि परत खिशात ठेवला.

"बाईंनी विचारलं, खात्री कोण देणार. मी एक गोठ सांगतो. पंधरा दिवसांमागं मी या सभेसाठी मावशीचं सूत आपलं म्हून घेऊन आलतो."

सभेत कुजबुज झाली. दत्तोपंतांनी चष्मा काढला.

"पकडल्या गेलो. नियमानं तवाच बाद व्हाले पाह्यजे होतो. झालो असतो तं घरी गेलो असतो, अन् आजपर्यंत टकळी हाती धरली नसती. पण मले पंधरा दिवस देल्ले. माह्यावर विश्वास ठेवला म्हून नाई. रोज मोजलं, रोज तपासलं. बाई खऱ्या हायेत, तपासल्याबिगर करार नाई. पण तपासाले आधी वेळ लागते न? हे एक वर्ष मंजे तोच वेळ हाय. तेवढाही नाई देल्ला, तं पोरायले सांगाले माह्यापाशी काहीच राह्यत नाई."

दत्तोपंत हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, ही मुदत तुम्हाला दिली कोणी?"

"ते नाई सांगत जी."

खरं तर तिनं गप्प बसायचं होतं. नोकरी होती, आई समोर बसलेली होती. यशोदा उठली. "मी दिली," ती म्हणाली.

दत्तोपंतांनी दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. नियम त्यांचाच होता, त्यामुळे त्यांची फारच अडचण झाली. "नाव खोडावं लागेल," ते म्हणाले. यशोदेनं वही ओढली, कालच शाईनं लिहिलेल्या नावावर रेघ मारली आणि शेजारी स्वतःच्या नावावरही मारली. बक्षीस गेलं बंडूजी नावाच्या कारकुनाला. जिनिव्हा इंग्लंडात आहे असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, पण सूत त्यांचं फार सुरेख होतं.

शेवटी रिवाजाप्रमाणे हात वर करून मत घेतलं. करारावर विश्वास ठेवावा म्हणणारे किती? हात वर झाले, आणि त्यात विरोधात बोललेल्या यशोदेचाही हात होता. ते पाहून दत्तोपंतांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

बाहेर ऊन कलत होतं. श्रीनिवास सायकलपाशी घुटमळत उभा होता.

"नोकरी गेली का जी?"

"नाही. पुढच्या वर्षी गुंड्या दत्तोपंत तपासणार. बघू किती जमतंय."

"मंग... नाव खोडलं तं माह्यी गुंडी वापस द्या."

"ती मिळणार नाही."

त्यानं घंटीवरून बोट फिरवलं, ती वाजली, तो दचकला. "थेट बोलू का? उद्या मावशीले तुमच्या आईकडे पाठवतो. तुम्ही हो म्हणान तरच. साक्षगंधाचं नाव नाई काढाचं, मी सांगून ठेवतो तिले. एकदम लग्नाची तारीखच काढू."

यशोदेनं ओसरीच्या फरशीकडे पाहिलं. इथेच टकळी पडायची. "हो," ती म्हणाली. "पण आधी साक्षगंध."

"काऊन? मधात दोन-तीन महिने जातीन. तुम्हीच तं सांगतलं, ते दिवस कसे काढले."

"म्हणूनच हवेत." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "तेव्हा टपालवाला आला की नुसती भीती वाटायची. कुणाची तरी आनंदानं वाट बघायचं माझं राहूनच गेलंय. ते महिने मले पाह्यजेत."

तिच्या तोंडून आलेलं ते 'मले' ऐकून तो इतका गडबडला की सायकलच्या चुकीच्या बाजूनं बसायला गेला.

"अन् तपासणी?" थोडं पुढे गेल्यावर त्यानं मागे वळून विचारलं.

"रोज," यशोदा म्हणाली. "शाळा सुटल्यावर."