घरगाडीचं सरकतं दार

आमच्या ह्यांना दार लावता येत नाही. बत्तीस वर्षं संसार केला, माणूस वाईट नाही, पण त्या प्रवासात त्यांनी जे चालवलं होतं ते बघून कुणाचंही डोकं फिरलं असतं. गाडी थांबली की उतरायचं, वळसा घालून मागचं सरकतं दार उघडायचं, पिशवी बाहेर काढायची आणि दाराला हात लावून नुसतं उभं राहायचं. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही, मी उन्हात ताटकळतेय. पाच-सात श्वास असे गेले की दार ओढायचं. तेही धाडकन. शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत यायची.

"कुणाची वाट बघता?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"दार अडतं गं," एवढंच म्हणाले.

दोन हजार तीनचा फेब्रुवारी होता. हे दुबईत जबल अलीच्या एका कंपनीत तेवीस वर्षं मजुरांच्या बसगाड्या सांभाळत होते. रिटायर झाले आणि व्हिसे रद्द व्हायची वेळ आली. पुढच्या मंगळवारचं मुंबईचं विमान होतं, ते कायमचंच. त्याआधी ह्यांनी कंपनीची एक मोडीत निघालेली व्हॅन घेतली. सीटा काढल्या, फळी टाकून बिछाना केला, गॅसची शेगडी बसवली, माझ्या जुन्या साडीचे पडदे लावले आणि तिला 'घरगाडी' नाव दिलं. समुद्रावर गोऱ्यांच्या तसल्या गाड्या बघून डोक्यात भरलं होतं. म्हणाले, "एवढी वर्षं राहिलो, देश बघितलाच नाही. शारजाला सिद्धांतकडे जाऊ, डोंगर ओलांडून फुजैराचा समुद्र बघू, मग अल ऐनला आभाकडे. मुलांना भेटू आणि यल्ला, खलास!"

सगळ्या सीटा निघाल्या, मागची एक निघेना. बोल्ट गंजले होते.

"राहू दे," हे म्हणाले. "कुणी आलं तर बसायला."

"कोण येणार आहे?"

ह्यांनी पाना पेटीत टाकला.

मी चौथी शिकलेली, पण गावी मान वर करून परत जायचं हे माझं ठरलेलं होतं. आमचं अल मनखूलचं घर रिकामं केलं, कपाट विकलं. ते विकण्याआधी तळाच्या कप्प्यातून, पैठणीच्या खालून, एक प्लॅस्टिकची पिशवी काढून मी पर्समध्ये ठेवली. ह्यांना दिसू दिली नाही. तिच्यात सगुणाचा पासपोर्ट होता.

सगुणा म्हणजे ह्यांची मावसबहीण. नवऱ्यानं टाकलेली. पंच्याऐंशी साली मीच तिला बोलावून घेतली. मी बॅचलर लोकांचे चाळीस डबे करायची, आणि घरात सिद्धांत अकराचा, आभा सहाची. सगुणानं डबे भरले, पोरं वाढवली. पोरं तिला आत्या म्हणायची आणि आजारी पडली की माझ्याआधी तिला हाक मारायची. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र मी तिला स्वयंपाकघरात ठेवायची. चार बायका विचारतील, नवरा कुठं असतो, म्हणून. तिचा व्हिसा संपला तो आम्ही वाढवला नाही. राहून गेला, असं मी म्हणायची.

शहाण्णव साली सरकारनं माफी दिली. ज्यांचे कागद संपलेत त्यांनी ठरलेल्या तारखेच्या आत बिनदंडाचं मायदेशी जावं. सगुणाची म्हातारी आई गावी वाट बघत होती. तिनं तीनदा पासपोर्ट मागितला. तिन्ही वेळा मी म्हटलं, "सापडत नाही गं. सापडेल, इन्शाल्ला." आभाची बारावी होती. चाळीस डबे होते. मला तिचे हात हवे होते.

शेवटच्या तारखेच्या दुपारी मी आतल्या खोलीत झोपले होते. उठले तर कुकर उतरवलेला, ओट्यावरचं फडकं पिळून चौघडी घालून कडेला ठेवलेलं, आणि सगुणा नाही. हिरव्या सुती साडीवर गेली. ती पुन्हा दिसली नाही.

हे पोलिसांत जायला निघाले. मीच अडवलं. म्हटलं, बिनव्हिशाची बाई घरात ठेवली म्हणून आधी तुम्हाला धरतील. मग बिल्डिंगला आणि गावाला काहीतरी सांगायला हवं होतं. कंपनीतला शौकत ड्रायव्हर त्याच आठवड्यात सुट्टीवर गेला होता. नाव आयतं मिळालं. "चांगल्या घरची असती तर उंबरा ओलांडला नसता," असं मी शंभर जणांना सांगितलं. तिची आई त्या ऐकल्या गोष्टीवरच मेली. मरेपर्यंत लेकीचं नाव घेतलं नाही म्हणतात.

तर, घरगाडी.

शारजाला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ झाले होते. सिद्धांत हमरियाला कामावर गेलेला. सून श्रिया हिनं पोहे केले होते. टेबलावर तीन बशा.

"तू नंतर खाणार?" मी विचारलं.

"माझं झालं आई. ही त्या मावशींची. त्या वर येत नाहीत का?"

"कुठल्या मावशी?"

"गाडीत मागे बसल्यात त्या."

"मागं बिछाना आहे," मी म्हटलं. "चष्म्याचा नंबर तपासून घे."

बिचारी लाल झाली आणि बशी उचलून आत गेली. तिनं सगुणाला कधी बघितलेलं नव्हतं. नात केया बाल्कनीच्या जाळीला नाक लावून खाली बघत होती.

"आजी, शी इज स्टिल सिटिंग देअर."

"कोण गं?"

"ग्रीन साडी."

मी बाल्कनीत गेले. तिसऱ्या मजल्यावरून गाडीचं छप्पर दिसत होतं आणि दार धरून उभे असलेले हे. बाकी काही नाही. लहान पोरं काहीही बोलतात. पण माझा हात आपोआप पर्सवर गेला होता, तो मी बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या रस्त्याला लागलो. मसाफीजवळ एका कॅफेटेरियासमोर ह्यांनी हॉर्न वाजवला. केरळी माणूस बाहेर आला, काचेतून आत डोकावला, आणि न विचारता तीन चहा घेऊन आला.

"दो ही चाहिए," मी म्हटलं.

त्यानं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. "पीछे अम्मा को नहीं?"

हे गुपचूप तिसरा कप घेऊन मागे ठेवून आले. फुजैराला पोचल्यावर बघितलं तर कप रिकामा होता. सांडलेलं नव्हतं. ह्यांनीच प्यायला असेल, साखर बंद आहे म्हणून चोरून पितात, असं मी मनाशी म्हटलं आणि त्यावर भांडलेही.

"मी नाही प्यायलो," हे म्हणाले.

"मग कुणी, वाऱ्यानं?"

समुद्रावर मुक्काम केला. सकाळी उठले तर शेगडीपाशी फडकं होतं. पिळलेलं. चौघडी घातलेलं. कडेला कड जुळवून ठेवलेलं.

ह्यांना रुमालाची घडी येत नाही.

मी ते फडकं समुद्रात फेकलं. हे बघत होते. काही विचारलं नाही, आणि मला त्याचाच राग आला. मला वाटायला लागलं, ह्यांना सगळं माहीत आहे. दार धरून उभं राहणं, तिसरा चहा, फडकं, सगळं मुद्दाम चाललंय. मला तोंडानं बोलायला लावायचंय. मी बोलणार नव्हते. मंगळवार चार दिवसांवर होता.

अल ऐनला आभाच्या दारात गाडी थांबली. पोरगी धावत खाली आली. मी हात पसरले. ती माझ्या बाजूनं पुढं गेली, जिथं हे दार धरून उभे होते तिथं, आणि कमरेत वाकून आत शिरली.

तिचा आवाज मला येत होता. शब्द कळत नव्हते. बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. समोरून कुणी उत्तर देत असल्यासारखी.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"आई, तू आत्याला आणशील असं वाटलं नव्हतं मला."

मी पर्स काखेत धरली.

"किती बारीक झालीय गं ती. वर ये म्हटलं तर नको म्हणते. म्हणाली, तुझ्या आईकडे माझी वस्तू आहे, ती घेऊन दे, मग निघते."

"कसली वस्तू?"

"ते तुला ठाऊक आहे म्हणाली. पैठणीखाली होती, आता पर्समध्ये आहे म्हणाली." आभा माझ्या पर्सकडे बघत होती. "काय आहे आई?"

पोटची पोर समोर उभी. खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

"बीपीच्या गोळ्या," मी म्हटलं.

 तिनं माझ्याकडे जसं बघितलं, तसं याआधी एकदाच कुणी बघितलं होतं. तिसऱ्यांदा 'सापडत नाही' म्हटलं होतं तेव्हा, सगुणानं.

एक रात्र राहून सकाळी निघालो. आभानं मला हळदकुंकू लावलं, नारळ दिला. मग करंडा आणि दुसरा नारळ घेऊन ती गाडीत शिरली. आतून तिची बांगडी वाजली. बाहेर आली तेव्हा हातात नारळ नव्हता.

ती वर गेल्यावर मी आत डोकावले. नारळ सीटवर होता. कुंकू मी शोधलं. रेक्झिनवर नव्हतं, पडद्यावर नव्हतं, खाली सांडलेलं नव्हतं. सीटला तळवा टेकवला तर ती कोमट होती. गाडी रात्रभर सावलीत उभी होती.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना लाल वाळू आणि उंटांसाठी घातलेलं कुंपण. तासभर गाडी तशीच चालली.

"तुम्हाला माहीत होतं ना?" शेवटी मीच म्हटलं.

"काय?"

"म्हणूनच दार धरून उभे राहत होता ना? मला टोचायला?"

"अगं, दार अडतं म्हणून सांगितलं ना पहिल्या दिवशी! आतून कुणी धरल्यासारखं होतं. सुटलं की एकदम येतं आणि आपटतं. तू कशाबद्दल बोलतेयस?"

मी पर्स उघडली. पासपोर्ट गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवला.

हे बघत राहिले. मग गाडी कडेला घेतली. पान उघडून फोटो बघितला, तारीख बघितली.

"कुठं होता?"

"कपाटात. पहिल्यापासून."

"आणि शौकत?"

"मीच उठवलं ते."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मावशी लेकीचं नाव न घेता तशीच गेली," एवढंच म्हणाले. पान मिटून म्हणाले, "मीही कधी विचारलं नाही. मला विचारता आलं असतं."

पहिल्यांदाच मला त्यांच्यासमोर डोळे वर करता येईनात. पदर डोक्यावर घ्यावासा वाटला, नव्या नवरीसारखा.

"विमानतळावर घ्या," मी म्हटलं.

"आपलं विमान मंगळवारी आहे."

"आपलं नाही."

त्यांनी आरशात मागं बघितलं. मग गाडी सुरू केली.

दुबईला पोचलो तेव्हा दुपारचा एक झाला होता. निघणाऱ्यांच्या दारासमोर माणसांची रांग, नायलॉनच्या दोरीनं बांधलेली खोकी, त्यांवर मार्करनं लिहिलेली गावांची नावं. हे उतरले. वळसा घातला. दार उघडलं.

मी पासपोर्ट मागच्या सीटवर, नारळाच्या शेजारी ठेवला. माफ कर म्हणायला तोंड उघडलं. तोंडाला सवय नाही, शब्द आला नाही. बाजूला झाले.

हे दार धरून उभे राहिले. या वेळी मी घाई केली नाही.

गाडी वर उठली.

थोडीशीच. बारीक बाई उतरली की उठते तेवढी.

सीटवर पासपोर्ट नव्हता. नारळ नव्हता.

ह्यांच्या हाताखालून दार सरकलं. हळू, शेवटपर्यंत. लागलं तेव्हा साधी टिचकीसुद्धा वाजली नाही.

हे स्वतःच्या हाताकडे बघत होते. "मी नाही लावलं," म्हणाले.

"ते कळतंय," मी म्हटलं. "तुम्हाला बत्तीस वर्षांत जमलं नाही. बघून ठेवा, दार असं लावतात. चांगल्या घरची बाई होती ती. माझी झोप मोडू नये म्हणून घर सोडलं त्या दुपारीही असंच लावलं होतं तिनं. मी जागी होते."